कार्टून गोल्फ आणि ‘नंबर’चं भांडण

‘एव्हरीबडीज गोल्फ हॉट शॉट्स’ हा कार्टून गोल्फचा व्हिडिओ गेम ५ सप्टेंबर २०२५ रोजी बाजारात आला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. कोकणात ज्यांचे गणपती तेवढे दिवस असतात, त्यांच्या माजघरात मुंबईची पोरं अजून मुक्कामाला होती. या खेळाचं खरं गिऱ्हाईक तेच.

नाव लांबलचक आहे, कारण ती मुळात दोन नावं. १९९७ साली जपानमध्ये हा खेळ ‘मिन्ना नो गोल्फ’, म्हणजे सगळ्यांचा गोल्फ, म्हणून निघाला. युरोपने तोच अर्थ इंग्रजीत घेतला, अमेरिकेत मात्र त्याचा ‘हॉट शॉट्स गोल्फ’ झाला. २०१७ मध्ये अमेरिकेतलं नाव टाकून दिलं होतं, ते आता शेपटीला पुन्हा जोडलंय. पहिला भाग सोनीसाठी करणारी मंडळी पुढे प्रतिस्पर्धी निन्टेंडोकडे गेली आणि १९९९ मध्ये त्यांनीच ‘मारिओ गोल्फ’ केला. चूल वेगळी झाली, पण वाटण तेच राहिलं.

त्याही आधीचा, निन्टेंडोचा १९८४ चा मिशीवाल्या खेळाडूचा गोल्फ आपल्याकडच्या पोरांनी पाहिला तो टीव्ही गेमच्या, एकीत ढीगभर खेळ भरलेल्या कॅसेटींमधून. झोका सुरू, जोर किती, फटका सरळ की तिरका, असं तीनदा बटण दाबायचं, ही रीत त्याचीच. गोटी गलीत घालणाऱ्यांना बाकी काही शिकवावं लागलं नाही.

खरा वाद नंबरचा, म्हणजे पाळीचा.

गोल्फ एकेकाने मारायचा खेळ. त्यामुळे चार भावंडं आणि धड चालणारा एकच रिमोट असला तरी भागायचं. मारामारीच्या गेममध्ये रिमोट नसलेला पोरगा कंटाळून पडवीत निघून जातो. गोल्फमध्ये तो बसून राहतो, कारण समोरच्याचा चेंडू पाण्यात जावा ही त्याची मनापासूनची इच्छा असते. ‘आता माझो नंबर’ हे वाक्य खेळाच्या नियमाइतकंच महत्त्वाचं.

२०२१ च्या ‘मारिओ गोल्फ सुपर रश’मधल्या ‘स्पीड गोल्फ’ने हा नंबरच काढून टाकला. सगळ्यांनी एकदम फटका मारायचा, मग आपापल्या चेंडूमागे धावत सुटायचं, वाटेत दुसऱ्याला धडक द्यायची. मोजायची ती वेळ, आणि दर फटक्याला वर ३० सेकंद दंड. कारण समजण्यासारखं आहे. ऑनलाइन खेळताना अनोळखी माणूस नेम धरत बसला की बाकीचे वैतागतात. २०१७ च्या ‘एव्हरीबडीज गोल्फ’मध्येही अनेकांनी एकाच वेळी मैदानात उतरायचा प्रकार होताच. नव्या पद्धतीचे समर्थक म्हणतात, वाट पाहणं हाच गोल्फचा रोग होता.

असेल. पण एकाच टीव्हीवर स्पीड गोल्फ खेळायचा तर पडदा दुभागतो आणि दोघांनाच जागा मिळते. चौघांना एका घरात खेळायचं तर जुना, नंबरवारीचा प्रकारच निवडावा लागतो. तो खेळात ठेवलाय, पण जाहिरात धावण्याची झाली. ज्या घरात मे महिन्यात आठ पोरं आणि एक टीव्ही असतो, तिथे वाट पाहण्याला रोग म्हणणं जरा शहरी वाटतं. पुढच्याचा फटका हुकेपर्यंत आमरस ओरपून होतो.

ऑनलाइनची दुसरी बाजूही या काळात दिसली. २०१७ च्या त्या खेळाची ऑनलाइन सोय सप्टेंबर २०२२ अखेर बंद झाली, म्हणजे जेमतेम पाच वर्षं. कॅसेटला सर्व्हर नव्हता. खालून फुंकर मारली की चालायची. फक्त लाइट असावी लागायची, आणि मृग लागला की तीच नसायची.