२१ दिवसांत सवय लागते? ना बा!

जिममधला एक भाऊ म्हणे, २१ दिवस सलग पाचला उठ, मग बॉडीला आपोआप सवय लागते. मी बाविसाव्या दिवशीही अलार्मला शिव्या देतच नागपूरच्या अंबाझरी तलावावर पोहोचलो अन् येताना तर्री पोहे हाणले, ते वेगळं. तर हा आकडा आला कुठून, तं मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा प्लास्टिक सर्जन होता अमेरिकेत, त्यानं १९६० मध्ये लिहिलं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, लोकांनी 'कमीत कमी' गाळलं अन् चेहऱ्याचं जिमला चिकटवलं. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ लोकांवर अभ्यास झाला, त्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला, कोणाला १८ दिवस लागले तर कोणाला, हिशोबानं काढलेल्या अंदाजानुसार, थेट २५४! अन् एखादा दिवस बुडाला म्हणून मीटर शून्यावर जात नाही बे.