लिली : कंदापासून घरबागेतील लागवड

लिली (प्रजाती – लिलियम, कुल – लिलिएसी) ही उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण प्रदेशातील कंदवर्गीय फुलझाडे आहेत. प्रजातीत सुमारे १०० जाती असून त्यांतील बऱ्याचशा चीन, जपान, हिमालय, युरोप आणि उत्तर अमेरिकेत रानात वाढतात. भारतात मणिपूरच्या उख्रुल जिल्ह्यातील शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी शिरुई लिली प्रसिद्ध आहे, तर निलगिरीच्या गवताळ उतारांवर पांढरी, लांब कर्ण्यासारखी निलगिरी लिली आढळते. घरबागेत मात्र रानटी जाती क्वचितच लावतात. बाजारात मिळणारे कंद बहुतेक संकरित वाणांचे असतात. एशियाटिक गटाची फुले आकाशाकडे तोंड करून उमलतात, रंगाला भडक असतात, पण त्यांना वास जवळजवळ नसतो. ओरिएंटल गट उशिरा फुलतो आणि त्याच्या एका दांड्याने खोली दरवळते. १९७४ साली कॅलिफोर्नियात तयार झालेला ‘स्टारगेझर’ हा याच गटातला गुलाबी वाण. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरची पांढरी लाँगिफ्लोरम आणि तिचा एशियाटिकशी केलेला ‘एलए’ संकर या दोन्ही गटांच्या तुलनेत उष्णता बरी सोसतात.

लिलीच्या लागवडीतील बहुतेक सगळ्या गोष्टी तिच्या कंदाच्या घडणीवर ठरतात. खाण्याच्या कांद्यावर कोरडी पापुद्र्यासारखी साल असते. लिलीच्या कंदाला ती नसते. तळाच्या चकतीवर जाड, मांसल, सुटे खवले एकावर एक रचलेले असतात आणि ते उघडेच राहतात. त्यामुळे हा कंद हवेवर पडला की सुकतो, खवले मऊ पडतात. खऱ्या अर्थाने तो पूर्ण झोपी जातच नाही. तळाच्या जाड मुळ्याही जिवंत असतात. म्हणून चांगला विक्रेता तो ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा लाकडाच्या भुशात, भोके पाडलेल्या पिशवीत देतो. टोपलीत कोरडे ठेवलेले, सुरकुतलेले किंवा मुळ्या छाटलेले कंद स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. पाकिटावर १४/१६ किंवा १६/१८ असा आकडा असतो. तो कंदाचा घेर सेंटीमीटरमध्ये सांगतो. घेर मोठा, तितक्या कळ्या जास्त.

लावताना सर्वांत जास्त चुकते ती खोली. लिलीला मुळे दोन ठिकाणी फुटतात : कंदाच्या बुडाला आणि कंदाच्या वर, मातीत गाडलेल्या दांड्याला. झाडाचे पोषण वाढीच्या काळात मोठ्या प्रमाणावर या वरच्या मुळांवर चालते आणि झाड उभे राहायलाही त्यांचाच आधार असतो. कंद वरवर लावला तर ही मुळे फुटायला माती उरत नाही, झाड कळ्या धरताच कलते. म्हणून कंदाच्या टोकावर १० ते १५ सेंमी. माती हवी आणि कुंडी किमान २५ ते ३० सेंमी. खोल हवी. याला मोठा अपवाद भूमध्य समुद्राकाठच्या मॅडोना लिलीचा. तिचा कंद जेमतेम २–३ सेंमी. मातीखाली ठेवतात.

माती भुसभुशीत आणि निचऱ्याची लागते. काळ्या चिकण मातीत कंद सडतो. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू असे मिश्रण महाराष्ट्रातील कुंडीबागेत चालते. ताजे शेण कंदाला लागू देऊ नये. आधाराची काठी लावतानाच रोवावी. नंतर खुपसली तर ती नेमकी कंदात जाण्याची भीती असते. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा उत्तम, शिवाय मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, म्हणजे मुळे गार राहतात.

महाराष्ट्रात कंद ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये लावणे सोयीचे, कारण वाढीचा आणि कळ्यांचा काळ थंडीत येतो. शीतगृहातून आलेल्या कंदापासून एशियाटिक वाण साधारण अडीच-तीन महिन्यांत फुलतात, ओरिएंटलला आणखी महिनाभर लागतो. पुणे, नाशिक, महाबळेश्वर इथल्या थंड रात्री लिलीला मानवतात. मुंबई आणि कोकणच्या दमट उष्म्यात झाड बुटके राहते, कळ्या गळतात. फूल उमलताच परागकोश चिमटीने काढून टाकतात, कारण त्यांतील तपकिरी-केशरी परागाचा डाग कपड्यावरून सहज जात नाही. फुलदाणीसाठी दांडा तोडताना निम्म्याहून अधिक पाने झाडावर राखावीत. पुढच्या वर्षीचा कंद याच पानांवर पोसला जातो.

पुढच्या वर्षी पुन्हा फूल हवे असेल तर मैदानी प्रदेशात खरी अडचण थंडीची येते. मूळ प्रदेशात हिवाळ्याची दीर्घ थंडी मिळाल्यावरच कंदातून जोमदार फुटवा येतो. आपल्याकडे ती मिळत नाही, म्हणून पाने पिवळी पडल्यावर कंद काढून, किंचित ओल्या कोकोपीटमध्ये घालून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवतात. शेजारी सफरचंद, केळी असू नयेत. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कळीला मारक ठरतो. एवढे करूनही गरम हवेत कंद वर्षागणिक लहान होत जातो. हे विकणाऱ्याने ग्राहकाला आधीच सांगायला हवे.

एका कंदापासून अनेक कंद वाढवण्यासाठी त्याचे बाहेरचे निरोगी खवले बुडाच्या थोड्या भागासह अलगद सुटे करतात आणि ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत ठेवतात. दोन-अडीच महिन्यांत प्रत्येक खवल्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या कंदिका दिसू लागतात. त्या फुलावर यायला दोन-तीन वर्षे लागतात. टायगर लिलीच्या पानांच्या बेचक्यात काळसर कंदिका आपोआप धरतात, त्या नुसत्या पेरल्या तरी रुजतात.

मराठी घरांच्या अंगणात ‘लिली’ म्हणून जे फुलते ते बहुतेक वेळा वेगळ्याच, ॲमॅरिलिडेसी कुलातील असते : पहिल्या पावसानंतर उमलणारी रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडू धरणारी फुटबॉल लिली, पांढरी स्पायडर लिली, नागदवणा, मोठ्या कर्ण्यांची ॲमॅरिलिस. यांच्या कंदांवर सालीचे आवरण असते आणि त्यांना फ्रिजची थंडी लागत नाही. ॲमॅरिलिसच्या कंदाची मान मातीबाहेर ठेवतात. लिलीसारखा खोल गाडला तर तो कुजू शकतो. फुटबॉल लिलीची पाने हिवाळ्यात सुकली की पाणी जवळजवळ बंद करावे. दारात वर्षानुवर्षे टिकणारे आणि हात न लावता वाढणारे झाड हवे असेल, तर उष्ण प्रदेशातील नवख्याने सुरुवात यांच्यापासून करावी, हेच उत्तम.

लिलियमला दमट हवेत बोट्रायटिस बुरशीचा त्रास होतो : पानांवर तपकिरी ठिपके येतात, कळ्या कुजतात. पाणी पानांवर न शिंपडता बुडाशी द्यावे आणि झाडांत अंतर ठेवावे. स्पायडर लिली, नागदवणा यांवर पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या पडतात आणि काही दिवसांत पाने फस्त करतात. त्या दिसताच हाताने वेचणे सर्वांत परिणामकारक.

घरात मांजर असेल तर लिलियम आणि डे लिली (हेमेरोकॅलिस, हे वेगळेच झाड) दोन्ही टाळाव्यात. पाने, फुले, पराग, फुलदाणीतले पाणी यांपैकी थोडेसे पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तसा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता मांजराला लगेच पशुवैद्याकडे न्यावे.