अभ्यासिकेत न बोलणारा लॅपटॉप

माझी भाची सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिथे भिंतीवर पाटी आहे : ‘कुजबुज हेही बोलणेच आहे.’ एप्रिलमधल्या एका दुपारी तिचा लॅपटॉप कुजबुजत नव्हता, चक्क घोंघावत होता. शेजारच्या दोघांनी माना वर केल्या, तिसऱ्याने पुस्तकं उचलून जागाच बदलली. रविवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. “मामा, हा बिघडलाय. तू बघतोस की नवाच घेऊ?”

बिघडला नव्हता. कारखान्यातून आला तसाच चालत होता, आणि दुखणं नेमकं तेच होतं.

प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची इवलीशी वाटी समजा. सतत भरायची आणि ओतायची. दर खेपेला जाणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सेकंदाला किती खेपा करायच्या ते गिगाहर्ट्झचा आकडा सांगतो. आता गंमत अशी की खेपा वाढवायच्या तर वाटी लवकर भरायला हवी, आणि त्यासाठी व्होल्टेजही चढवावं लागतं. म्हणजे दुहेरी मार. समजा, एका चिपला 2.8 गिगाहर्ट्झवर 0.9 व्होल्ट पुरतात आणि 4.2 वर 1.25 लागतात. वेग दीडपट झाला, पण उष्णता जवळजवळ तिप्पट. काम लवकर संपतं हे जमेला धरलं तरी त्याच कामाला चिप जवळपास दुप्पट वीज खाते. वरच्या टोकाचा वेग हा असा महाग असतो.

पूर्वी ही चैन परवडत असे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, त्यामुळे वेग वाढूनही चिप तापत नाही. साधारण 2005 च्या सुमारास हे गणित अडलं. व्होल्टेज आणखी उतरवलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपायला लागते, आणि चिप जितकी गरम तितकी ही गळती जास्त. मग इंटेलने 2008 मध्ये ‘टर्बो बूस्ट’ आणलं : एरवी बेताने चाला, काम दिसलं की उसळी मारा. जाहिरातीत मोठा आकडा छापला जातो तो या उसळीचा. ब्राउझरमध्ये नुसतं पान उघडलं तरी चिप उसळते, तापमान झटकन चढतं आणि पंखा किंचाळतो.

तेव्हा आधी टर्बोच बंद केला. विंडोजमध्ये पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ असतं. ते 100 वरून 99 केलं की बहुतेक इंटेल लॅपटॉपांवर टर्बो थांबतो. एका टक्क्याने एवढा फरक पडतो हे भाचीला पटेना, पण तो एक टक्का म्हणजे फक्त दार बंद करायची कडी आहे. नव्या यंत्रांवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे पॉवर मोडमध्ये ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडावं. लिनक्सवाल्यांना टीएलपी आणि पॉवरटॉप ही वीज वाचवायची साधनं आहेतच. व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम असेल तेव्हा टर्बो खुशाल परत चालू करा. पीडीएफ वाचायला तो कशाला हवा?

व्होल्टेज थेट उतरवण्याचा जुना शौक, म्हणजे अंडरव्होल्टिंग, आता बऱ्याच ठिकाणी बंद आहे. 2019 मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ हा हल्ला उघड झाला, तेव्हा व्होल्टेजशी खेळून चिपमधली गुपितं काढता येतात हे कळलं आणि बायॉसच्या (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमध्ये ती वाट बुजवली गेली.

तरीही लेक्चर लावलं की पंखा फिरायचाच. इथे चोर वेगळा निघाला. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये खास विभाग असतो, तो फार थोड्या विजेत काम करतो. पण ब्राउझरमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद असेल, किंवा व्हिडिओ एव्ही1 सारख्या नव्या पद्धतीचा आणि लॅपटॉप जुना असेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. भाचीच्या ब्राउझरमध्ये ते कुणीतरी बंद करून ठेवलं होतं.

उरला पंखा. त्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी वीज निम्म्यावर येते आणि आवाज सुमारे 5 डेसिबलने उतरतो. म्हणून जाळीतली धूळ काढून हवेची वाट मोकळी करणं फुकट जात नाही, आणि खोदलेल्या रस्त्यांच्या पुण्यात धुळीला तोटा नाही. फुंकणी मारताना पंख्याचं पातं मात्र बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर पोचवणारा लेप, बदलायला मी तापकीर गल्लीच्या बाजूला एका दुकानात गेलो होतो (नावातच ताप!). पण खरं सांगायचं तर पंखा चिपला थंड करत नाही, खोलीपेक्षा किती गरम राहू द्यायचं तेवढंच ठरवतो. डिसेंबरच्या सकाळी खोली 20 अंशांवर, एप्रिलच्या दुपारी 38 वर; तेच काम, तोच पंखा, आणि चिप साधारण तेवढीच 18 अंशांनी जास्त गरम.

बॅटरीचा हिशेब तिसरीतला आहे. 50 वॅट-तासांच्या बॅटरीतून 10 वॅट खेचले तर 5 तास, 6 वॅट खेचले तर 8 तासांवर. पडद्याचा उजेड कमी करणं आणि 120 हर्ट्झचा पडदा 60 वर आणणं लगेच जाणवतं. डार्क मोडने वीज वाचते ती ओलेड पडद्यावर, जिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. साध्या एलसीडीत मागचा दिवा तसाच जळत असतो.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी म्हातारं करतात, उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं. दिवसभर चार्जरवर बसलेल्या गरम लॅपटॉपमध्ये दोन्ही एकदम होतात. म्हणून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये असेल तर वापरावी. भाचीने ती लावली आहे. फक्त पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी, तेव्हा बुधवारी रात्री ती मर्यादा काढते आणि गुरुवारी संध्याकाळी परत लावते.