एमएफआयच्या आकड्यामागचे स्फटिक

कोल्हापूर हे ओतकामाचं गाव. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत कास्टिंग फुटलं की तुकडा घासून-पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली जातो; ग्राफाइट कसं बसलंय ते पाहूनच पुढची चर्चा. प्लास्टिकच्या दाण्याला हा मान मिळत नाही. एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) पाहिला, साचा भरला, विषय संपला. २३० अंशांना २.१६ किलो वजनाखाली पॉलिप्रॉपिलीनचा किती ग्रॅम रस १० मिनिटांत बाहेर पडतो, तो हा आकडा. तो जितका मोठा, तितक्या आतल्या रेणूंच्या साखळ्या आखूड.

अशा साखळ्या असतात हेच आधी कुणाला पटत नव्हतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये ते मांडलं आणि टीका ओढवून घेतली. नोबेल मिळालं १९५३ मध्ये. पुढच्याच वर्षी इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी सगळे मिथाइल गट (साखळीला लटकलेले कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट) एकाच बाजूला असलेलं पॉलिप्रॉपिलीन बनवलं. अशा नियमित साखळ्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात, म्हणून त्याचे स्फटिक होतात.

पण इतकी लांब साखळी स्फटिकात बसते कशी? हा खरा पेच १९५७ मध्ये सुटला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला अँड्र्यू केलर यांनी द्रावणातून पॉलिथिलीनचे स्फटिक वाढवले. त्यांच्या चकत्या जेमतेम १० नॅनोमीटर जाड, साखळी मात्र शेकडो नॅनोमीटर लांब, आणि तीही चकतीत उभी! म्हणजे ती लुगड्याच्या निऱ्यांसारखी घड्या घालूनच बसत असणार. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये या घड्या एवढ्या नेटक्या पडत नाहीत. लांब साखळी एका चकतीतून निघून मधल्या विस्कळीत भागातून दुसरीत शिरते आणि दोघींना बांधून ठेवते. आखूड साखळ्या पटकन रचल्या जातात, स्फटिकांचं प्रमाण वाढतं, वस्तू ताठ होते. पण बांधणारे धागे कमी पडतात आणि ती ठिसूळ होते. माझ्या मते झाकणं नि क्लिप तडकण्यामागचं हे कारण फार कमी वेळा तपासलं जातं.

साच्यात प्रवाहाचीही भर पडते. थंड पोलादाजवळ ताणलेल्या लांब साखळ्यांना पुन्हा गोळा व्हायला वेळ मिळत नाही. त्या तशाच गोठतात आणि त्यांच्यावर चकत्या ओवल्यासारख्या वाढतात. गाभा सावकाश थिजतो, तिथे गोल स्फटिकपुंज तयार होतात. पातळ काप ध्रुवीकृत प्रकाशात धरला तर प्रत्येक पुंजात काळी फुली दिसते, आणि कडेचा थर वेगळा उठून दिसतो. साखळ्या लांब असतील तर हा थर सहसा जाड होतो.

मग मोल्डर, म्हणजे साच्यात प्लास्टिकच्या वस्तू काढणारा, आखूड साखळीकडे का वळतो? साखळीची लांबी दुप्पट झाली की रसाचा घट्टपणा सुमारे दहापट वाढतो. पातळ भिंतीचा साचा भरेचना. त्यात रनर (साच्यात रस नेणाऱ्या वाटेत थिजलेलं प्लास्टिक) दळून ती भरड पुन्हा वापरली की बॅरलच्या, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या नळीच्या, उष्णतेनं नि घुसळण्यानं पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या आणखी तुटतात. म्हणून वस्तू तडकली तर नव्या दाण्याचा आणि त्या तुकड्याचा एमएफआय शेजारीशेजारी मोजावा. तुकड्याचा आकडा बराच चढलेला दिसला, तर आधी बॅरलचं तापमान आणि भरडीचं प्रमाण तपासावं.