मापुंगुब्वेचे मणी

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेवर, लिम्पोपो आणि शाशे नद्यांच्या संगमाजवळ मापुंगुब्वे नावाची वालुकाश्माची टेकडी आहे. १९३२च्या सुमारास खजिना शोधणाऱ्यांनी तिथली थडगी उकरली आणि हाती लागला सोन्याचा गेंडा. वीतभरही लांब नाही. आतला लाकडी साचा कधीच कुजून गेलेला, वरचा पातळ पत्रा बारीक सोन्याच्या खिळ्यांनी ठोकलेला.

गेंडा प्रिटोरिया विद्यापीठात गेला, पण त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. गोरे येण्याआधी हा मुलुख ओसाडच होता असं सांगणाऱ्या राजवटीला १३व्या शतकातले आफ्रिकी सोनार कसे परवडणार? २००३मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

गेंड्याचे फोटो सगळीकडे दिसतात. मला मात्र तिथले काचेचे मणी जास्त बोलके वाटतात. टेकडीवर राजा राहायला गेला तो साधारण १२२०च्या सुमारास. त्याआधीची दोनेकशे वर्षं वस्ती टेकडीपासून जवळच होती. पुरातत्त्वज्ञ तिला नुसतंच ‘के-टू’ म्हणतात. इथून हस्तिदंत आणि पुढे सोनं समुद्राकडे जायचं, बदल्यात मणी आणि कापड यायचं. मोसमी वाऱ्यांवर चालणारा हा व्यापार आपल्या किनाऱ्यालाही शिवत होता. १०व्या शतकात चौलला, म्हणजे अरबांच्या सैमूरला, येऊन गेलेल्या अल-मसूदी या अरब प्रवासी-इतिहासकाराने लिहून ठेवलंय की आफ्रिकेचं हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात येतं आणि त्याच्या खंजिरांच्या मुठी नि बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काही मण्यांची काच रासायनिक तपासणीत चौलच्या काचेशी जुळलेली आहे. के-टूला आलेल्या मण्यांतही भारतीय बनावटीचे पुष्कळ होते.

पण आला माल तसाच गळ्यात घालायचा, असं काही त्या लोकांनी केलं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढे निळे-हिरवे मणी ते वितळवायचे आणि मातीच्या साच्यात त्यांचा एकच जाडजूड, पिंपाच्या घाटाचा मणी करायचे. साचा फोडल्याशिवाय तो बाहेर निघायचा नाही. त्या फुटक्या साच्यांचे तुकडे के-टूच्या उकिरड्यात सापडले आहेत.