अंगावर काढलेली दुखणी

दवाखान्याच्या रजिस्टरात आलेल्या बाईचं नाव असतं. जी आलीच नाही, तिची मोजदाद कशी करायची?

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत यावर साधा मार्ग काढला. बायका दवाखान्यात येण्याची वाट न बघता त्यांनी गावातच तपासणी केली, आणि तक्रार असो वा नसो, १३ वर्षांवरच्या मुली-बायकांना तपासायचं ठरवलं. ६५० जणींची तपासणी झाली आणि जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष छापले. ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. सरासरी काढली तर एकीमागे ३.६ आजार!

मला मात्र त्यातला आणखी एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के.

आजार ९२ टक्क्यांना आणि तपासणी ८ टक्क्यांची, ही तफावत नुसत्या अंतराने पडत नाही. तपासणारा पुरुष असेल तर बाई टेबलावर झोपायला तयार होत नाही. दवाखान्याचे पैसे तिच्या हातात नसतात. अंगावरून पांढरं जाणं हे तर तिच्या लेखी दुखणंच नसतं, बाईच्या जातीला ते चालायचंच. समाजशास्त्रज्ञ आरोग्यसेवेच्या ‘उपलब्धते’तून तिची ‘पोहोच’ वेगळी काढतात ती यासाठीच. दार उघडं असलं म्हणून कुणी आत येतंच असं नाही.

त्यात सरकारी यंत्रणाही बाईकडे बघते ती मुख्यतः बाळंतपणासाठी आणि ‘ऑपरेशन’साठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आढळली, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. पोट उघडावं लागत नाही, बिनटाक्याचीही होते. त्याच फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.

अंगावर काढलेलं दुखणं अखेर दवाखान्यात पोहोचतं, तेव्हा काय होतं? बीड जिल्ह्यात २०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीने ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय काढलेलं होतं. उसाच्या फडावर नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचं एकच एकक धरली जाते. पाळी आली, पोट दुखलं म्हणून खाडा केला तर पैसे कापले जातात. तिथे ना संडास, ना पाण्याची सोय, त्यामुळे जंतुसंसर्ग ठरलेलाच. पुष्कळदा औषधगोळ्यांनी बरा होणारा हा त्रास, पण त्यावर सुचवली जाते थेट शस्त्रक्रिया. गर्भाशय काढल्यावर अंडाशय शाबूत ठेवले तरी रजोनिवृत्ती काही वर्षं आधी येऊ शकते, हे तिला क्वचितच कुणी सांगतं. ऑपरेशनचा खर्च भागवायला अनेक घरांत मजूर नेणाऱ्या मुकादमाकडूनच आणखी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली जाते. मग पुढच्या हंगामात ती फेडायला तीच बाई पुन्हा फडावर उभी असते.