युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट

रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर (संगणक अक्षर ज्या आकड्याने ओळखतो, त्यावर) देवनागरी आकार बसवून तयार केलेल्या फॉन्टांना युनिकोडपूर्व किंवा रोजच्या बोलण्यात ‘जुने फॉन्ट’ म्हणतात. युनिकोड म्हणजे निरनिराळ्या लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे ठरावीक संकेतांक देणारे खुले मानक. खुले मानक आणि धंद्याची निकड यांची ओढाताण मराठी संकेतस्थळांवर या फॉन्टांमुळे ठळकपणे दिसली.

अशा फॉन्टात साठवलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. ‘कृतिदेव’ या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द म्हणजे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच उघडी पडतात. ‘श्रीलिपी’ची मांडणी आणखी वेगळी असल्याने एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात लावला की नुसती गिचमिड दिसते, आणि शोधयंत्राला तर त्यातला एकही मराठी शब्द सापडत नाही.

मानक नव्हते असे नाही. इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांकांचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. परंतु विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली, आणि पेजमेकर किंवा क्वार्कएक्सप्रेस या पानजुळणीच्या प्रणालींच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत युनिकोडमधील जोडाक्षरे जुळत नसत. रात्री पान सोडायचे असलेल्या वृत्तपत्राने चालणारा फॉन्ट वापरला आणि छपाईचाच मजकूर संकेतस्थळावर चढवला, याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. वाचकाने फॉन्ट उतरवून घ्यावा, नाहीतर पानासोबत आपोआप येणारा ‘डायनॅमिक फॉन्ट’ चालणारा ब्राउझर वापरावा, अशी अट मात्र त्यातून आली. हा ब्राउझर बहुधा इंटरनेट एक्सप्लोरर असे.

खुल्या मानकातही मराठीची अडचण होतीच. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो थेट २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये, तोवर ‘अ’वर चंद्र चढवताना मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कित्येक फॉन्टांत रफार होऊन बसे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना केवळ संकेतांक बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचे नेमके उलट, तो युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी येतो. हा क्रम परिवर्तकाकडून, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रणालीकडून, चुकला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, म्हणून जुन्या अंकांचे रूपांतर झाल्यावरही मुद्रितशोधन करावेच लागते.